पुरुमेंत संपेपर्यंत

वैशाख लागला की उल्काचा पुण्याहून फोन येतो. एरवी सणावारी ती दोन शब्द पाठवते, तेवढंच आमचं बोलणं. पण वैशाखात तिला घरातले डबे आठवतात. रव्यात किडे झाले, डाळीला टोके लागले, मिरचीला जाळी धरली, असं काहीतरी सांगून ती विचारते, "काकी, आई हे कसं ठेवायची ग?"

मी सांगते. रवा कोरडाच भाजायचा आणि पुरता निवल्याशिवाय डब्यात भरायचा नाही. कोमट रवा डब्याच्या आत घाम धरतो आणि किडा त्या घामातच होतो. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात फिरवून ऊन द्यायचं. मिरचीच्या बरणीत तळाला हिंगाचा खडा. चिंचेच्या बिया काढून, मीठ लावून गोळे वळायचे. नारळ डोळा वर करून उभे ठेवायचे, आडवे टाकायचे नाहीत. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये हे सगळ्याच सांगतात. ओला हात बरणीच्या वरूनसुद्धा नेऊ नये, हे तुझी आई सांगायची. पलीकडे ती लिहून घेत असते. दरवर्षी लिहून घेते आणि दरवर्षी तो कागद हरवते. कधी कधी वाटतं, ती मुद्दाम हरवत असावी.

सांगताना माझा आवाज वर्गात शिकवल्यासारखा सरळ येतो. फोन ठेवला की मात्र मी बराच वेळ खुर्चीतून उठत नाही.

उल्का माझ्या थोरल्या जावेची मुलगी. जावेला घरात सगळे वयनी म्हणत. वहिनीचं ते आमच्याकडचं रूप. मूळ कोरगावची, पेडण्याकडली, काजू आणि रातांब्यांच्या झाडांखाली वाढलेली. मी शाळेत मराठी शिकवणारी, घरात पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारी. डिचोलीच्या घरात आम्ही दोघी एका चुलीवर होतो. ती माझ्याहून बरीच मोठी होती, पण आमच्याकडे थोरल्यांनाही ‘तू’च म्हणतात, आणि तिला दुसरं काही म्हणावं असं माझ्या मनातही कधी आलं नाही.

पावसाच्या महिन्यांसाठी घर भरून ठेवायचं, त्याला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. पोर्तुगीज गेले, पण पावासारखा हाही त्यांचा शब्द आमच्या स्वयंपाकघरात राहून गेला. पाऊस लागला की घाटावरची भाजी वेळेवर येत नसे, मासळी बंद होई, सरपण ओलं, वाटा ओल्या. त्याआधी सगळं घरात हवं. रातांब्यांची सोलं, फणसाचे पापड, आंब्याची साठं, खाऱ्या पाण्यात दाबून ठेवलेले कच्चे आंबे, ज्यांना आम्ही चेपणीचे आंबे म्हणतो, सुकी मासळी, कांद्यांच्या माळा, चुलीच्या धुरावर टांगलेला लसूण. पाववाल्या पदेराकडून घेतलेली बांगड्यांसारखी कडक पावाची काकणंसुद्धा वयनी पुन्हा निखाऱ्यावर शेकून डब्यात घाली; तशी ती पावसातही कुरकुरीत राहत. शेजारच्या किरिस्तांव घरातून ती नारळ-रव्याची बिस्किटं, बोलिनां, करायला शिकली होती. पातेल्याच्या खाली निखारे, झाकणावर निखारे. वरचे जास्त, खालचे कमी, नाहीतर बूड करपतं आणि माथा कच्चा राहतो. हे ती इतक्या वेळा सांगे की मला ते झोपेत सांगता येईल.

डिचोलीत वाळवण घालणं मात्र कठीण होतं. आमच्या घराजवळून खनिजाचे ट्रक दिवसभर जात. उन्हाळ्यात रस्त्याची तांबडी धूळ झाडांवर, कौलांवर, दोरीवरच्या धोतरांवर बसे. अंगणात पापड घातले तर संध्याकाळी ते विटकरी होत आणि खाताना दाताखाली कचकच येई. म्हणून आमचं वाळवण सर्वणला होई. तिथे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीचं घर होतं आणि घरापुढे शेणाने सारवलेलं मोठं खळं. सकाळच्या बसने आम्ही गाठोडी, सुपं, चादरी घेऊन निघायचो. कंडक्टर रोज तेच विचारी, वयनी, घर सोडून चालली काय. आणि ती रोज म्हणे, तुझ्या बसला कंटाळले रे, म्हणून.

ज्या वैशाखाबद्दल लिहायला बसले आहे, तो गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीचा.

राजभाषेचा कायदा होऊन गेला होता, तरी आमच्या सोप्यावरचा वाद मिटला नव्हता. थोरले भावजी, म्हणजे वयनीचा नवरा, माझा नवरा आणि गल्लीतले दोघे-तिघे रोज संध्याकाळी बसत. मराठीचं काय होणार, शाळांचं काय होणार, असं तावातावाने चाले. मराठीसाठी ते भांडत, आणि भांडत कोंकणीतून. माझी तर भाकरीच त्या भाषेवर होती, तरी मला त्या भांडणात बोलता येत नसे. एकदा वयनी चहाचे पेले घेऊन बाहेर गेली आणि पेले ठेवता ठेवता म्हणाली, "मराठी जांव वा कोंकणी, आंब्याक मीठ लागतलेंच." सगळे हसले. माझा नवरा म्हणाला, हिला विधानसभेत पाठवा. तिने त्याला पेला पुढे केला आणि आधी मीठ आणून दे म्हणाली.

त्याच आठवड्यात कधीतरी, माळ्यावर बरणी चढवताना, तिने ती मध्येच माझ्या हातात दिली. हात वर जाईना म्हणाली. मला वाटलं, खांदा धरला असेल. माझा हात धरून तिने पदराखाली, काखेच्या जरा पुढे नेला. कोवळ्या कैरीतल्या कोयीसारखं काहीतरी बोटांना लागलं. ते हलत नव्हतं.

"दुखना गे," ती म्हणाली. "दुखल्यार सांगलें नसतें?"

मी म्हटलं, उद्याच पणजीला जाऊ. मोठ्या इस्पितळात दाखवू. शाळेला सुट्टी आहे, मी येते बरोबर.

तिने पदर सारखा केला. "पुरुमेंत सोंपूं दी. मागीर वचूंया."

बेगमी संपू दे, मग जाऊ. आज हे वाक्य कागदावर लिहिलं की अंगावर येतं. तेव्हा ते वाक्य घरात रोज कोणीतरी बोलत होतं. दाढ दुखत होती, ती पुरुमेंत झाल्यावर काढायची. चुलतभावाचं लग्न ठरवायचं, पुरुमेंत झाल्यावर. कौलं बदलायची, माहेरी जायचं, रुसवा काढायचा, सगळं पुरुमेंत झाल्यावर. त्या महिन्यात घरातल्या बाईला बाहेरचं काही सांगायचं नसतं, असं कोणी ठरवलेलं नव्हतं; तसंच होतं. संध्याकाळी मी थोरल्या भावजींना सांगितलं. त्यांनी तिला आत येऊन विचारलं. ती पापड लाटता लाटता म्हणाली, काखमांजरी आहे, उन्हाची येते. ते बाहेर गेले. मे महिन्यात स्वयंपाकघरात पुरुषाचा शब्द चालत नसे, आणि तिचा शब्द न मानायची त्यांना सवयही नव्हती. उल्का कोरगावला मामाकडे होती.

मग मी ठरवलं, पुरुमेंतच लवकर संपवू.

आयुष्यात मी स्वयंपाकघरात इतकी कधी राबले नव्हते. पहाटे उठून डाळी निवडल्या. सर्वणच्या खळ्यावर वाकून वाकून सोलं पालटली. वयनीच्या भावाने कोरगावहून रातांब्यांच्या पाट्या पाठवल्या होत्या. ते फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या काढून त्यात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात सालं बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, काळी होईपर्यंत. माझी बोटं जांभळी झाली आणि ती जाईनात. शाळेतल्या एका बाईंनी बाजारात पाहिलं आणि विचारलं, निवडणूक नसताना शाई कसली लावून घेतलीत. वयनी माझ्याकडे पाहून खूश होई. आता तू माणसात आलीस म्हणे. पुस्तकाला मीठ लावून ठेव, तेही टिकेल.

आणि काम कमी होईना.

मी डाळी संपवल्या तर ती कुळीथ काढी. पापड झाले तर म्हणे, हात आहेत तर सांडगेही घालू. सोलांची एक बरणी भरली की दुसरी धुऊन उन्हात उपडी असे. मी जितक्या भराभर करत होते तितकं ते वाढत होतं. बाजाराच्या दिवशी तिने मिरची घेतली तेव्हा मी पाहतच राहिले. बेळगावकडची एक बाई दर आठवड्याला मिरची घेऊन येई, आमची जुनी ओळखीची. ती तराजू हातात धरून थांबली.

"अगं बया, एवढी? घरात लगीन हाय व्हय?"

"लग्न ना. पावस चड आसा अंदूं." लग्न नाही, यंदा पाऊस जास्त आहे म्हणे.

"तुझ्या कानात येऊन सांगितलं काय त्यानं?"

"तूं जोख गे, उलय नको," वयनी म्हणाली. तू तोल, बोलू नकोस. दोघी हसल्या. मी पिशवी धरून उभी होते. मिरचीच्या ठसक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

घरी येताना मी तिला विचारलं, एवढं कोणाला? पुढच्या वर्षी करायचं नाही काय? ती म्हणाली, केलेलं कुठे जातं, राहील. मग बसची वाट बघताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, इस्पितळात आत घेतलं तर किती दिवस ठेवून घेतात ग? मी म्हटलं, थोडेच दिवस. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने फणस फोडायला घेतला.

पुढे समाचाराला आलेल्या बायका म्हणत, तिला आधीच कळलं होतं, म्हणून दोन पावसाळ्यांचं भरून गेली, केवढी माउली. भावजींनाही ते पटलं. त्यांना त्याचा आधार वाटे म्हणून मी कधी खोडून काढलं नाही. पण मी तिच्या शेजारी बसले होते. तिला काही कळलेलं नव्हतं. ती घाबरली होती. भरायचं संपलं की जायचं, असं तिनेच म्हटलं होतं, आणि म्हणून ती संपू देत नव्हती. डब्यांच्या अलीकडे ती होती आणि पलीकडे ते इस्पितळ. मी मात्र रोज एकेक डबा भरून तिला तिकडे ढकलत होते, आणि ती रोज एकेक रिकामा डबा काढून मला अडवत होती. दोघीही हसत होतो, एकमेकींना चिडवत होतो. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, या घरात काय सुख आहे.

घटकराज्य झालं त्या दिवशी सोप्यावर सकाळपासून रेडिओ लावलेला होता. बाजारात फटाके वाजत होते. भाषेवरून महिनोन्महिने अबोला धरलेले शेजारी पेढ्यांचा पुडा घेऊन आले, आणि भावजींनी त्यांना आपली खुर्ची दिली. आत आम्ही चेपणीच्या शेवटच्या आंब्यांवर दगड ठेवत होतो. हे आंबे धुऊन पुसून घ्यायचे, एक थर आंबे, एक थर मीठ, आणि वर जड दगड; आंबा पाण्यावर आला की गेला. वयनीला दगड उचलत नव्हता. तिने दोन्ही हात त्यावर ठेवले, जोर मी केला. मग तिने बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, गाठ मारली, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. स्वयंपाकघरात भरायला एकही भांडं उरलं नव्हतं. तिने सगळीकडे पाहिलं. मला वाटतं, ती शोधत होती.

"जालें," ती म्हणाली.

बाहेरून माझ्या नवऱ्याने हाक मारली, पेढे घ्यायला या, आपलं राज्य आलं. ती गेली. पेढा घेतला, अर्धा मला दिला.

आम्ही पणजीजवळच्या इस्पितळात गेलो तेव्हा मृग लागला होता. डॉक्टर तरुण होते, इथलेच. त्यांनी तपासलं, हात धुतले, आणि विचारलं, कधीपासून आहे. वयनीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. एवढे दिवस का थांबलात, असं त्यांनी विचारलं, आणि वयनी अगदी सहज म्हणाली, आमचं पुरुमेंत होतं.

मला वाटलं, ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला.

"मे म्हयन्यांत बायलो येनात," ते म्हणाले. "सगळ्यो पावस लागले उपरांत येतात."

मे महिन्यात बायका येत नाहीत. सगळ्या पाऊस लागल्यावर येतात. बाहेरच्या बाकावर खरंच बायका होत्या. ओल्या छत्र्या पायांशी ठेवून बसलेल्या. कोणाचा हात गळ्यात बांधलेला, कोणाच्या तोंडाला पदर. सगळ्यांची घरं भरलेली असणार. माळे, शिंकाळी, बरण्या. मी त्यांच्यामधून चालत आले आणि मला एकीच्याही तोंडाकडे बघवलं नाही.

कापलं. घरी आणलं. पुन्हा नेलं. डॉक्टर जे करायचं ते करत होते आणि उशीर झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आषाढ गेला. खोलीतून ती विचारी, उघडीप झाली का, बरण्यांची फडकी बदललीस का, पापडांना हवा दाखवलीस का. मी सांगे, केलं. आणि करतही असे. पेजेबरोबर आंब्याची फोड तेवढी तिला जाई. मी बरणीतून काढून आणायची, ती चोखून कोय बाजूला ठेवायची आणि म्हणायची, यंदा मीठ बरोबर बसलं. मग तेही जाईना. फोड तशीच वाटीत राही आणि ती तिच्याकडे बघत पडून असे. श्रावण संपायच्या आत ती गेली. कोरगावहून तिचा भाऊ आला तो भिजत, आणि दारातच बसला. त्या वर्षी घरात गणपती आला नाही, फळापानांची माटोळी बांधली नाही.

लग्न ठरलं तेव्हा उल्काने मला एकदाच विचारलं होतं. काकी, आई तेव्हाच का नाही ग गेली? मेमध्येच? मी तिला सगळं जसं होतं तसं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे डाळी-मिरच्यांसाठी. मी हो म्हटलं. दुसरं उत्तर मला त्यानंतरही सापडलेलं नाही. एवढी पुस्तकं वाचली. कोणाची चूक म्हणावी असं काही सापडलं असतं तर तिथे बोट ठेवून बसता आलं असतं. भावजींनी विचारलं होतं. मी सांगितलं होतं. तिने नाही म्हटलं नव्हतं. मग जाऊ, एवढंच म्हटलं होतं.

आता खाणी थांबल्या आहेत. ट्रक जात नाहीत. आमच्या अंगणात धूळ येत नाही. दोरीवर पांढरं लुगडं दिवसभर टाका, पांढरंच राहतं. इथेच सगळं वाळवता येईल, सर्वणला जायची गरज नाही. कोणी वाळवत नाही. म्हापशाच्या दुकानात सोलं पिशवीत मिळतात, बारा महिने. मी एकटी, मला लागतं किती. वैशाखात अंगणभर कडक ऊन पडतं आणि संध्याकाळी तसंच निघून जातं. मी खिडकी लावून घेते.

त्या वर्षी वयनीचा तेरावा झाल्यावर माणसं पांगली. शाळा सुरू होती, पण मी रजा वाढवून घेतली होती. भाद्रपदातली एक दुपार होती. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी शिडी लावली आणि माळ्यावरचं सगळं एकेक करून खाली काढलं. मला काहीतरी बिघडलेलं हवं होतं. कुठे बुरशी, कुठे जाळी, निदान एका बरणीला आंबूस वास. म्हणजे मला म्हणता आलं असतं की यंदा तिचं चित्त नव्हतं, हात चालत नव्हता, मीठ टाकताना ती मधेच थांबत होती. म्हणता आलं असतं की ती पुरती त्या डब्यांत गेली नव्हती, थोडी आपल्यापाशी राखून होती. मला काहीतरी अंगणात नेऊन पावसात ओतून द्यायचं होतं.

मिरची मोडली, कट्‌कन तुटली. सोलं काळी, मऊ, हाताला मिठाची. डाळीत कोपरापर्यंत हात घातला, चिंचेचे गोळे फोडून पाहिले, पापडांची चळत एकेक करून सोडवली. आंब्यांवरचं फडकं काढलं, दगड बाजूला केला. खालचं पाणी स्वच्छ होतं. एकही आंबा वर आला नव्हता.

थोरले भावजी दारात येऊन उभे राहिले. जमिनीवर सगळीकडे झाकणं पडली होती. "कितें सोदता गे?" त्यांनी विचारलं. काय शोधतेस?

मी झाकणं गोळा केली, पुसली, आणि ज्याची त्याला लावायला बसले. त्या पावसात आमच्या घरातलं काहीही नासलं नाही.